नव्या घराची लादी

नव्या घराच्या भिंती उभ्या राहिल्या आणि वर स्लॅब पडला, की घरातील मंडळींच्या बोलण्यात लादीचा विषय निघतो. चिरा कोणत्या खाणीचा आणि वाळू कोणत्या नदीची, हे प्रश्न कंत्राटदारावर सोपवून मोकळे झालेले लोकही लादीच्या बाबतीत आपले मत राखून असतात. ते योग्यच आहे. भिंतीचा रंग चार वर्षांनी बदलता येतो, पडदे दर दिवाळीस नवे घेता येतात. परंतु एकदा बसविलेली लादी उखडावयाची म्हणजे सारे सामान बाहेर काढून पंधरा दिवस धुळीत काढणे आले. त्यामुळे पुष्कळ घरांत चुकीची निवड जन्मभर पायांखाली राहते.

फोंड्याच्या बाजूस नवे घर बांधणारे एखादे कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. मुलगा, सून, शाळेत जाणारी दोन मुले आणि पंचाहत्तरी ओलांडलेली आई. जुन्या घरात आतल्या खोल्यांची जमीन शेणाने सारवलेली होती. पुढच्या सोप्यात मात्र आजोबांनी हौसेने घातलेली नक्षीदार सिमेंटची लादी होती. आता मुलाच्या मनात आहे ते एकच: साऱ्या घरात चार फूट लांब, दोन फूट रुंद, आरशासारखी चकाकणारी पांढरी लादी.

अशी लादी दुकानात फार सुंदर दिसते. तेथे ती भिंतीशी उभी असते आणि तिच्यावर दिव्यांचा झोत सोडलेला असतो. तिच्यावर कोणी ओल्या पायांनी चालत नाही, आमटी सांडत नाही, आषाढातला ओला वारा तिच्यापर्यंत पोचत नाही. शिवाय गिऱ्हाईक आधी बैठकीच्या खोलीची लादी निवडते. तेथे पाहुणा तासभर बसून निघून जावयाचा असतो. पण उत्साह आणि पैसा दोन्ही तेथेच सरतात. न्हाणीघराच्या वाट्याला उरलेसुरले येते. खरे म्हणजे निवडीची सुरुवात न्हाणीघरापासून करावयास हवी, कारण ओल्या न्हाणीघरात म्हातारे माणूस सहज घसरून पडते. त्या वयात खुब्याचे हाड मोडले, की पुष्कळदा माणूस पुन्हा पूर्वीसारखे चालत नाही.

या बाबतीत एक गोष्ट दुकानदारही सहसा सांगत नाहीत. लादीच्या खोक्यावर कधी कधी ‘आर ९’, ‘आर १०’ असे आकडे असतात. आकडा जितका मोठा तितकी लादी कमी घसरडी, हे खरे. परंतु हे जर्मन मोजमाप कारखान्यांसारख्या जागांसाठी ठरलेले आहे. त्यात बूट घातलेला माणूस तेल लावलेल्या उतारावर चालवून पाहतात. आपल्याकडे माणूस घरात अनवाणी वावरतो आणि पायांखाली साबणाचे पाणी असते. अनवाणी पायांसाठी निराळी परीक्षा आहे व तिच्या ए, बी, सी अशा तीन पायऱ्या आहेत. ‘ए’ची लादी १२ अंशांच्या उतारापर्यंत पाय धरते, ‘बी’ची १८ आणि ‘सी’ची २४ अंशांपर्यंत. न्हाणीघरासाठी ‘बी’ मागावी. दुकानात त्याची माहिती मिळाली नाही, तर त्याहून सोपा उपाय आहे. एक लादी जमिनीवर ठेवून घ्यावी, तिच्यावर साबणाचे पाणी ओतावे, आणि कोणाचा तरी हात घट्ट धरून अनवाणी पाय ठेवावा. आपल्या या कुटुंबातील सुनेने नेमके तेच केले. पांढऱ्या चकचकीत लादीवर तिचाच पाय सरकला. मग तिने शेजारची मातकट रंगाची, किंचित खरखरीत लादी मागविली आणि सासूबाईंना आधार देत म्हटले, “माई, आता तुम्ही पाय ठेवून पाहा.” न्हाणीघराची लादी त्या क्षणी ठरली. मुलाला तो रंग आवडला नाही, हे सांगितले पाहिजे.

लादी आकाराने लहान असली तर सांधे अधिक येतात, आणि सांध्यांवर पाय अडतो. शिवाय पाण्याला मोरीकडे ढाळ द्यावयाचा, तर लहान लाद्या त्या उतारावर सहज बसतात. चार फुटी लादी कापल्यावाचून वळत नाही.

स्वयंपाकघरात घसरण्याची भीती आहेच, पण तेथे मुख्य वैर आंबटाशी. कोकम, चिंच, लिंबू यांचे पाणी सिमेंटच्या लादीला आणि संगमरवराला खाते; कोटा आणि शहाबादी हेही चुनखडीचेच दगड, त्यांच्यावरही डाग उमटतो. भट्टीत भाजलेल्या लादीला आंबटाचे भय नाही. तिच्या सांध्यांत साधे सिमेंट भरले, तर हळद मात्र तेथे कायमची वस्ती करते. इपॉक्सीचा मसाला महाग पडतो. तरी निदान ओट्यामागच्या भिंतीला तो भरावा.

बैठकीची खोली मात्र हौसेची जागा आहे, आणि तेथे हौस केल्याबद्दल कोणी नाक मुरडू नये. तरीही गोव्याच्या पावसाळ्याचा विचार हवा. चकचकीत व्हिट्रिफाइड लादी जवळजवळ पाणी पीतच नाही. वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून अधिक पाणी ती शोषत नाही. हा तिचा गुण खरा. पण तळमजल्याची जमीन गार असते, बाहेरची दमट हवा आत येते, आणि लादीला घाम सुटतो. सारवलेली जमीन तो ओलावा पिऊन टाकी; येथे तो पातळ थर होऊन वर राहतो. तेव्हा बैठकीतही झिलईविना असलेली लादी बरी. दुपारच्या उन्हाची तिरीपही तीवरून म्हाताऱ्या डोळ्यांत जात नाही.

नक्षीची आवड असणाऱ्यांनी जुन्या सिमेंटच्या लादीकडे पाहावे. ती भट्टीत जातच नाही. धातूच्या साच्यातील कप्प्यांत रंगीत सिमेंट ओतावयाचे, वर कोरडे सिमेंट व वाळू घालून यंत्राने दाबावयाचे, आणि मग पाण्यात ठेवून मुरवावयाचे. रंगाचा थर काही मिलिमीटर जाड असतो. म्हणून दोन पिढ्यांची पावले पडूनही फूल पुसले जात नाही. आजच्या छापील नक्षीचा थर त्या मानाने कागदासारखा. देशातील बहुतेक भाजलेली लादी गुजरातेतील मोरबीहून येते. तिच्यावर लाकूड, संगमरवर, जुनी सिमेंटची लादी, वाटेल ते छापलेले मिळते. छापील फुलाला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र ते रहदारीच्या वाटेवर घालू नये.

निळ्या-पांढऱ्या चित्रांच्या आझुलेजुंचेही असेच. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दालनात पोर्तुगीज चित्रकार जॉर्ज कोलासु यांनी १९३५ साली रंगविलेल्या लाद्या आहेत. कामोंइशच्या महाकाव्यातील प्रसंग तेथे भिंतीवर उभे आहेत. ‘भिंतीवर’ हा शब्द महत्त्वाचा. आझुलेजुची झिलई पायांखालच्या वाळूने ओरखडते. दारावरचे घराचे नाव, तुळशीवृंदावनाची बाजू किंवा बल्कांवाच्या बैठकीची पाठ, ही तिची स्थाने.

पायऱ्यांच्या कडेला निराळ्या रंगाची पट्टी घालावी. एकाच नक्षीत पायरी कोठे संपते, हे मंद दृष्टीला कळत नाही.

आता बसविण्याविषयी. व्हिट्रिफाइड लादी पाणी पीत नाही, म्हणूनच नुसत्या सिमेंटच्या रबडीवर ती घट्ट धरत नाही. तिला चिकटविण्याचा खास मसाला लागतो. लादी बसून वाळल्यावर नाण्याने ठोकून पाहावे. पोकळ आवाज आला, तर कारागीर जावयाच्या आतच ती बदलून घ्यावी.

हिशेब सोपा आहे. दहा बाय बारा फुटांची खोली १२० चौरस फुटांची, दोन फुटी लाद्या ३०. त्यावर तुटफुटीच्या ३ अधिक. चार-चारच्या खोक्यांत घ्यावयाच्या, म्हणून ९ खोकी होतात आणि ३ लाद्या उरतात. साऱ्या खोक्यांवर छटेचा क्रमांक एकच असल्याची खात्री करावी. कारण त्याच नावाची लादी पुढच्या वर्षी त्याच रंगाची मिळेल असे नाही. उरलेल्या लाद्या गवंड्याला देऊन टाकू नयेत. पावतीसह माळ्यावर ठेवाव्यात.

त्या कुटुंबातील मुलाने बैठकीसाठी अखेर फिकट राखी रंगाची लादी घेतली. जुन्या सोप्यातील सिमेंटच्या लाद्या काढताना निम्म्याहून अधिक फुटल्या. आख्ख्या निघाल्या त्या आईने मोजून घेतल्या, आणि एवढ्यांत देवघराची जमीन होईल का, असे गवंड्याला विचारले. गवंड्याने टेप काढली. एक ओळ कमी पडत होती. ती भिंतीकडेने साध्या तांबड्या लादीची घालावी, असे ठरले.