आजेसासूबाईंचे लुगडे



पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाच्या 16 पायऱ्या आपले पूर्वज कसे चढले, हे आज पुष्कळ जण सांगतील. आम्ही तिघी जावा एका गोधडीबद्दल सांगणार आहोत.

थोरल्या जाऊबाईंच्या नातवाच्या घरी पाळणा हलणार होता. बाळाचे पहिले पांघरूण वापरलेल्या सुती कापडाचे असावे, ही आमच्या घरची रीत. धुऊन धुऊन मऊ झालेले कापड बाळाला टोचत नाही. पण कपाटे उघडली, तर साड्या सगळ्या नायलॉन आणि पॉलिएस्टरच्या! सुती उरले होते एकच, आजेसासूबाईंचे नऊवारी लुगडे. ते तर आजच्या प्रदर्शनात काचेच्या पेटीत ठेवायचे ठरले होते.

दोन दिवस आमचा वाद चालला. धाकटी म्हणाली, "त्यांची एवढीच खूण उरली आहे." थोरली म्हणाली, "त्यांनी कधी जुनेर नुसते जपून ठेवले होते का?" खरेच, नव्हते. उसाच्या मळ्यातून दमून आल्यावरही त्या दिव्याखाली जुनी धोतरे, लुगडी जोडत बसत. वाक्वाच्या जुलै-ऑगस्टच्या गारठ्यात आमचे सासरे त्याच गोधड्यांत वाढले.

शेवटी आम्ही कात्री लावली. घड्यांवर विरलेला भाग काढून टाकला, धड तुकडे वेगळे केले. बाळासाठी जाड गोधडी नको, म्हणून तीनच पदर घेतले. सुरकुती काढून लांब टाक्यांनी कच्चे टाचले. मग कडेपासून आत, बोटभर अंतराने धावदोरा घातला. गाठ प्रत्येक वेळी आतल्या पदरात लपवली. बटण, हूक, टिकली काही लावले नाही. थोरलीचे टाके बारीक, धाकटीचे वाकडे. उसवले एकीचेही नाहीत.

बारशाला नातसुनेने क्रिओलमध्ये विचारले, याला काय म्हणतात? आम्ही म्हटले, "गोधडी." शेजारच्या रियुनियन बेटावर ठिगळांच्या अशा पांघरुणाला भिकाऱ्याचा गालिचा म्हणतात. आपल्या शब्दात भीक नाही, ऊब आहे. आता ती बाळाला निजवताना तोच शब्द म्हणते.

लुगड्याचा पदर तेवढा आम्ही कापला नाही. तो प्रदर्शनात पाहावा. गोधडी आणायची होती, पण बाळाने सकाळीच ती भिजवली. घरी दोरीवर वाळते आहे.

सुई-दोरा आम्ही सोबत आणला आहे. जेवणानंतर ज्या मुलींना, आणि मुलांनाही, टाका शिकायचा असेल, त्यांनी आमच्याजवळ येऊन बसावे.