सेवेची उमेदवारी



सुताराच्या हाताखाली उमेदवारी केल्यावाचून कोणी सुतार होत नाही. मग केवळ ग्रंथ वाचून धर्मगुरू कसा व्हावा? प्रभूने बारा शिष्यांस दोघेदोघे करून गावोगाव धाडिले, व ते परतल्यावर त्यांचा वृत्तांत ऐकिला. ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ साली सेमिनरी उघडण्याची आज्ञा केली. परंतु शिक्षण चालू असतानाच अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष सेवा शिकावी, हे दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने १९६५ साली स्पष्ट सांगितले.

आम्ही ब्रदर असता एका पाड्यावर आजारी वारली गृहस्थास भेटावयास गेलो, व दुःखसहनावर लांबलचक व्याख्यान देऊन आलो. रात्री आमच्या वडील फादरांनी सारे ऐकून एकच पुसिले, "तो जेवला होता काय?" आम्हांस ठाऊक नव्हते! दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या हाती पेजेचे भांडे देऊन पुन्हा धाडिले, व या खेपेस बोलू नका, असे बजाविले.

तेव्हा नरपडकरहो, आपल्याकडे ब्रदर येतील त्यांस नुसते चहा-चिकू देऊन बोळवू नका. त्यांची मराठी पुस्तकी वाटली तर तोंडावर सांगा; आजाऱ्याच्या घरी न्या, मयतीस न्या. काही चुकले तर आम्हांस कळवा. रात्री जेवणानंतर आम्ही त्यांजबरोबर बसतोच.