एक गीता, अनेक वाचक



ईश्वर आहे की नाही, असला तर कसा आहे, आणि धर्मग्रंथातल्या वचनाचा अर्थ कोणी लावायचा, या प्रश्नांवर एका घरातल्या दोन माणसांचेही एकमत होत नाही. यावर आपल्याकडे दोन उत्तरे चटकन दिली जातात. पहिले असे की, ग्रंथाचा अर्थ ठरलेला आहे. तो जाणत्यांनी सांगावा आणि इतरांनी मानावा. दुसरे असे की, श्रद्धा ज्याची त्याची. तिच्याविषयी कोणी कोणाला विचारू नये. ही उत्तरे परस्परविरुद्ध दिसतात, पण दोहोंचा परिणाम एकच होतो: बोलणे खुंटते. मला आज तिसरी बाजू मांडायची आहे. अर्थ लावण्याचा अधिकार प्रत्येकाचा आहे, मात्र लावलेल्या अर्थाची कारणे चारचौघांत सांगण्याची जबाबदारीही त्याच अधिकाराबरोबर येते. हा विचार बाहेरून आणावा लागत नाही. महाराष्ट्राने सातशे वर्षे भगवद्गीता ज्या रीतीने वाचली, त्या वाचनाच्या इतिहासातच त्याचा पुरावा आहे. म्हणून आज हा एकच ग्रंथ मी आपल्यापुढे ठेवतो.

गीता अठरा अध्यायांची आणि सातशे श्लोकांची. एवढ्या लहान ग्रंथावर आचार्यांनी परस्परांना छेद देणारी भाष्ये लिहिली. शंकराचार्यांना तिच्यात ज्ञान आणि कर्मसंन्यास दिसला, रामानुजांना भक्ती दिसली, मध्वाचार्यांनी तिच्यातून द्वैत सिद्ध केले. तिन्ही आचार्य श्रद्धावान होते, तिघेही व्युत्पन्न होते, आणि तिघांच्याही पुढे ग्रंथ तोच होता. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, ज्ञानेश्वरांनी नेवाशाला सुमारे नऊ हजार ओव्यांत गीता मराठीत आणली. भाष्यकारांना वाट विचारत आपण चाललो आहोत, असे ते नम्रपणे सांगतात, पण चालताना स्वतःचे पाऊल स्वतः टाकतात. सहाव्या अध्यायात कुंडलिनीचे जे विस्तृत वर्णन येते, ते मूळ श्लोकांत नाही. ते नाथपंथाच्या साधनेतून आले आहे. विहित कर्म हीच ईश्वराची पूजा, हा सूर त्यांनी ज्या जोराने लावला, तो संन्यासपर भाष्यात तसा लागत नाही. अठराव्या अध्यायात तर ते याहून धीट बोलतात. वेद संपन्न खरा, पण कृपण, कारण तो तीन वर्णांच्याच कानी लागला. ही उणीव भरून काढण्यासाठी तो गीतेच्या रूपाने सर्वांना सुलभ झाला, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ग्रंथावर परम श्रद्धा असलेला माणूस ग्रंथ कोणापर्यंत पोहोचला आणि कोणापर्यंत नाही, याचाही हिशेब मागतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. जो ग्रंथ ऐकण्याचीच मुभा नाही, त्याच्याविषयी स्वतःचे मत तरी कसे बनणार?

सहा शतकांनंतर लोकमान्य टिळकांनी तीच गीता मंडालेच्या तुरुंगात वाचली. १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिले आणि १९१५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. टिळकांना शंकराचार्यांचे अद्वैत मान्य होते, पण त्यांचा संन्यासपर निष्कर्ष मान्य नव्हता. ज्ञान झाल्यावरही लोकसंग्रहासाठी कर्म केलेच पाहिजे, हे गीतेचे तात्पर्य, असे त्यांनी मांडले. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांच्या निष्कर्षाइतकीच त्यांची रीत महत्त्वाची आहे. ‘मला असे वाटते’ एवढ्यावर ते थांबले नाहीत. ग्रंथाचे तात्पर्य ठरवण्यासाठी मीमांसकांनी घालून दिलेल्या कसोट्या त्यांनी पुढे ठेवल्या: ग्रंथाचा आरंभ आणि शेवट काय आहे, पुन्हापुन्हा काय सांगितले आहे, नवे काय सांगितले आहे, फळ काय झाले, प्रशंसेसाठी आलेला भाग कोणता आणि युक्तिवाद कोणता. लढायला नकार देणाऱ्या अर्जुनापासून गीता सुरू होते आणि लढायला तयार झालेल्या अर्जुनापाशी संपते. मग तिचे तात्पर्य कर्मत्याग कसे असेल, हा त्यांचा बिनतोड वाटणारा प्रश्न आहे. तो मान्य करा अथवा खोडून काढा, पण त्याला उत्तर द्यावेच लागते, कारण तो सर्वांना दिसणाऱ्या पुराव्यावर उभा आहे.

उत्तर देणारेही निघाले. १९२० च्या जानेवारीत टिळक आणि गांधीजी यांच्यात ‘यंग इंडिया’च्या पानांवर एक लहानसा वाद झाला. जे मला जसे भजतात त्यांना मी तसाच फळतो, या आशयाचे श्रीकृष्णाचे वचन चौथ्या अध्यायात आहे. राजकारण हा साधूंचा खेळ नाही असे सांगताना, अक्रोधाने क्रोध जिंकावा या बुद्धवचनापेक्षा आपल्याला कृष्णाचे हे वचन जवळचे वाटते, असे टिळकांनी लिहिले. या दोन वचनांत विरोध आहे हेच गांधीजींना मान्य नव्हते. ज्या श्लोकात अनेक भाविकांना सर्व उपासनांचा स्वीकार दिसतो, त्यात एका नेत्याला जशास तसे वागण्याचा आधार दिसला आणि दुसऱ्याने तो आधार नाकारला. पुढे ‘अनासक्तियोग’ लिहिताना गांधीजींनी कुरुक्षेत्र माणसाच्या अंतःकरणात पाहिले. विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात रविवारी रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. शंकराचार्यांनी विकर्म म्हणजे निषिद्ध कर्म असा अर्थ घेतला होता; विनोबांनी विकर्म म्हणजे बाहेरच्या कर्माला जोड देणारे मनाचे विशेष कर्म, असा अर्थ घेऊन आपली सगळी साधना त्यावर उभी केली. गीतेला आई मानणाऱ्या विनोबांना शंकराचार्यांपेक्षा वेगळा अर्थ घेताना आपण अश्रद्ध ठरू, अशी भीती वाटली नाही.

पण वाचकांची ही यादी इथे थांबवली तर ती सोयीची होईल, खरी होणार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही गीता बारकाईने वाचली आणि ती नाकारली. त्यांच्या हयातीत अप्रकाशित राहिलेल्या लेखनात त्यांनी गीतेची सांगड बौद्ध क्रांतीनंतरच्या प्रतिक्रांतीशी घातली. युद्ध, चातुर्वर्ण्य आणि कर्मकांड यांना तात्त्विक समर्थन पुरवणारा हा ग्रंथ आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. टिळकांनी कर्म हा शब्द व्यापक अर्थाने घेतला, तर आंबेडकरांच्या मते गीतेतले कर्म म्हणजे मुख्यतः मीमांसक जैमिनीच्या कर्मकांडातले कर्म. मीमांसेचा आधार टिळकांनी घेतला आणि मीमांसेचाच आधार घेऊन आंबेडकरांनी टिळकांना विरोध केला. श्रद्धावानाला हा निष्कर्ष बोचेल. तरीही या वाचनाला वाचन म्हणूनच उत्तर दिले पाहिजे. ग्रंथाचा अर्थ लावण्याचा अधिकार मान्य करायचा आणि तो अर्थ पटला नाही म्हणून ग्रंथ दूर ठेवण्याचा अधिकार नाकारायचा, हे न्यायाला धरून नाही.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप असा की, एवढे अर्थ निघत असतील तर ग्रंथाला स्वतःचा अर्थच उरत नाही; ज्याने त्याने हवे ते काढावे. वर सांगितलेला इतिहास नेमका याच्या उलट साक्ष देतो. या सर्व वाचकांनी आपल्या बाजूचे श्लोक दाखवले, अडचणीच्या श्लोकांचा खुलासा केला, काहींनी पूर्वसूरींची नावे घेऊन मतभेद सांगितला. कोणालाही ग्रंथाबाहेर उडी मारून जिंकता आले नाही. अर्थ अनेक निघाले, पण वाटेल तो अर्थ टिकला नाही. एकाहून अधिक अर्थ संभवणे आणि कोणताही अर्थ चालणे यांत फार अंतर आहे, आणि ते अंतर राखण्याचे काम पुरावा करतो.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि तो ग्रंथातूनच येतो. सगळे सांगून झाल्यावर श्रीकृष्ण अर्जुनाला म्हणतात की, याचा पूर्ण विचार कर आणि मग इच्छेला येईल तसे कर. स्वतंत्र विचाराचे समर्थक या श्लोकाकडे बोट दाखवतात. पण तीनच श्लोकांनंतर सर्व धर्म सोडून मला एकट्याला शरण ये, असा आदेश येतो. मग अखेरचा शब्द विचाराचा की शरणागतीचा? मला या आक्षेपाचे वजन मान्य आहे. तरी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. शरणागतीच्या श्लोकानंतरही संवाद संपत नाही. तुझा मोह गेला का, असा प्रश्न अर्जुनाला विचारला जातो आणि संशय फिटल्याचे तो स्वतःच्या तोंडाने सांगतो. शिवाय या श्लोकातले ‘सर्व धर्म’ कोणते, यावर भाष्यकारांचे एकमत नाही. शंकराचार्य तिथे सर्वकर्मसंन्यास पाहतात, रामानुज कर्म करीत असतानाच त्याचे फळ आणि कर्तेपण सोडणे पाहतात. जो श्लोक विचाराला पूर्णविराम देतो असे वाटते, त्याचाही अर्थ विचार करूनच लावावा लागला. शरण जाणे हाही माणसाचा निर्णयच असतो.

तिसरा आक्षेप सामान्य भाविकाच्या काळजीपोटी घेतला जातो. पंडितांचे वाद पंडितांना शोभतात. साध्या माणसाला निश्चिती हवी, वादाने त्याची श्रद्धा डळमळेल, असे म्हणतात. या काळजीत सामान्य माणसाला कमी लेखणे दडलेले आहे. वारकरी परंपरा पाहा. ज्ञानेश्वरीचे पारायण करणारा, एकनाथांचे भागवत ऐकणारा आणि तुकोबांचे अभंग गाणारा वारकरी एकाच तत्त्वमताच्या चौकटीत बसत नाही. निर्गुणाचे निरूपण आणि सगुण विठ्ठलाची ओढ त्याच्या मनात शेजारी शेजारी नांदतात. कीर्तनकार दर वेळी अभंग नव्याने उलगडतो आणि श्रोता तो पारखून घेतो. त्याची श्रद्धा नाम, वारी आणि सदाचार यांवर उभी आहे. सर्वांनी एकच अर्थ मानला तरच ती टिकेल, अशी तिची अट नाही.

उरला तो उलट बाजूचा आक्षेप: माझी श्रद्धा माझी, मी कारणे का द्यावीत? ती श्रद्धा देवघरापुरती असेल तर खरोखर देऊ नयेत. तिथे कोणी डोकावू नये. पण अर्थाचा भार दुसऱ्यावर पडतो तेव्हा ही सबब चालत नाही. शास्त्राचा आधार सांगूनच माणसांना देवळाबाहेर ठेवले गेले. १९३० मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह करावा लागला आणि १९४७ मध्ये पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरासाठी साने गुरुजींना उपोषण करावे लागले. दार अडवणाऱ्यांची श्रद्धा कदाचित प्रामाणिकही असेल, पण प्रामाणिकपणाने अन्याय पुसला जात नाही. आपल्या संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने सद्सद्विवेकाचे आणि धर्माचरणाचे स्वातंत्र्य दिले, त्याला सार्वजनिक सुव्यवस्था, नीती, आरोग्य आणि इतर मूलभूत अधिकार यांची मर्यादाही घातली. श्रद्धेचा हा अपमान नाही. माझ्याइतकाच विवेक असलेला दुसरा माणूसही या देशात राहतो, याची ती मान्यता आहे.

म्हणून माझे मागणे असे आहे. आपण ईश्वर माना, मानू नका, सगुण माना, निर्गुण माना. ग्रंथ मस्तकी धरा किंवा बाजूला ठेवा. पण धर्मवचनाचा अर्थ जाहीरपणे सांगाल तेव्हा त्याला ग्रंथात आधार कोणता, त्याच्या विरुद्ध जाणारे वचन कोणते, आणि तो अर्थ आचरणात आला तर भार कोणाच्या खांद्यावर पडतो, हेही सांगा. समोरच्याने वेगळा अर्थ सांगितला तर त्याच्या श्रद्धेवर शंका घेण्याआधी त्याचा पुरावा मागा आणि तो खरा निघाला तर आपले मत बदलण्याची तयारी ठेवा. आपल्या मुलांना आपण ग्रंथ देतोच. त्याबरोबर त्या ग्रंथाविषयी प्रश्न विचारण्याची मुभाही दिली पाहिजे. ती दिली नाही तर आपण त्यांना पाठांतर देऊ, श्रद्धा देऊ शकणार नाही.