फुटकी लादी आणि पुळणीवरची वाळू

आज आपल्या पायाखालच्या लादीविषयी बोलू या.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, मुरुड, अलिबागकडे पत्रे उडाले, कौलं फुटली, घरांवर झाडं पडली. छपरं आपण आधी नीट केली. तडकलेल्या लाद्या मात्र कित्येक घरांत तशाच राहिल्या. दोन लाद्यांसाठी गवंडी येत नाही, आला तर दिवसाची मजुरी घेतो. म्हणून आम्ही बायकांनीच हे काम शिकायचं ठरवलं.

पहिल्याच कामात आम्ही चुकलो. एकीच्या मोरीतली लादी बसवायला पुळणीवरची वाळू आणली. जवळची आणि फुकटची! पावसाळा लागला तशी सांध्यांतून पांढरी भुकटी येऊ लागली. भिंतीला लागतो तोच हा लोणा. मग लादी सुटली आणि तिच्या कडेनं सासूबाईंची टाच कापली. समुद्राच्या वाळूत मीठ असतं. मीठ ओल ओढून घेतं, सुकताना त्याचे खडे होतात आणि सिमेंट भुसभुशीत होतं. तेव्हापासून आम्ही दुकानातली धुतलेली रेतीच वापरतो.

आता काम कसं करायचं ते ऐका. आधी रुपयाच्या नाण्यानं लादीवर टकटक करा. आवाज भरीव आला आणि बारीक चीरच असेल, तर लादी काढू नका. चिरेत पांढरं सिमेंट भरा. आवाज पोकळ आला तर लादी काढावीच लागेल. शेजारच्या लाद्याही वाजवून बघा.

काढताना डोळ्यांना चष्मा आणि हातात मोजे हवेतच. लादीची कपची सुरीसारखी लागते, सिमेंटनं हात भाजतात. आधी चारही बाजूंचे सांधे खरवडून मोकळे करा. मग छन्नी मधोमध लावून हलके घाव घाला आणि मधून कडेकडे या. कडेकडून सुरुवात केलीत तर शेजारची लादी फुटेल.

खालचा जुना माल खरवडून काढा, झाडा, पाणी मारा. एक वाटी सिमेंटला चार वाट्या रेती घेऊन माल कालवा. सिरॅमिक लादी अर्धा तास पाण्यात भिजवा, नाहीतर ती मालातलं पाणी पिऊन टाकते. गुळगुळीत व्हिट्रिफाइड लादी पाणी पीत नाही, तिला दुकानातलं टाइल अॅडेसिव्ह लागतं. ते पाकिटावर लिहिल्याप्रमाणे कालवा. लादी बसवून लाकडाच्या तुकड्यानं हलके ठोका. शेजारच्या लाद्यांवर सरळ पट्टी धरून पातळी बघा. मोरीत उतार नळीकडेच हवा. सांध्याची फट बाकीच्या लाद्यांइतकीच ठेवा. लादीला लादी भिडवली तर पुढे ती उचलते.

एक दिवस त्यावर पाय नको. दुसऱ्या दिवशी सांधे भरा आणि लगेच ओल्या फडक्यानं पुसून घ्या.

घरात नवीन लाद्या बसवाल तेव्हा चार-पाच जास्तीच्या घेऊन ठेवा. पुढे तोच रंग मिळेलच असं नाही. आणि मोरीसाठी खरखरीत लादीच घ्या.

छन्नी, हातोडा, थापी आणि चष्मा प्रत्येकीनं विकत घ्यायची गरज नाही. गटात एक संच पुरतो. आज घरी गेल्यावर आधी मोरीतली लादी वाजवून बघा.