देवळाची मागची भिंत



इजिप्तची देवळं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कर्नाकचे खांब येतात, अबू सिम्बेलच्या कड्यात कोरलेले रामसेस राजाचे चार पुतळे येतात. मी आज तुम्हाला आधी नेणार आहे ते डेंडेराला, आणि तिथेही देवळाच्या मागच्या बाजूला.

लक्सरहून उत्तरेला सुमारे ६० किलोमीटरवर हॅथोर देवीचं हे देऊळ आहे. लोक पुढच्या दाराने आत जातात. शतकानुशतकांची काजळी अलीकडच्या वर्षांत पुसून काढल्यावर छताचा जो निळा रंग वर आला, तो मान वर करून पाहतात. भिंतींच्या पोटातल्या अरुंद भुयारांत उतरतात, जिन्याने गच्चीवर जातात आणि गाडीकडे परततात. माझ्या हाताशी अर्धा तास उरला होता. आपल्या पायांना देवळाला वळसा घालायची सवय असते, म्हणून मी भिंतीच्या कडेने चालत मागे गेले.

मागच्या भिंतीवर क्लिओपात्रा आणि तिचा मुलगा सीझरियन कोरलेले आहेत. जगभरचे लोक नाव ऐकून येतात ती हीच क्लिओपात्रा. पण माझी नजर खिळली ती भिंतीच्या मधोमध असलेल्या हॅथोरच्या मोठ्या मुखवट्यावर. नाक, डोळे, गाल पार झिजून गेलेले. आतल्या खांबांवरचे देवीचे चेहरेही बिघडलेले आहेत, पण ते छिन्नीने. पुढे धर्म बदलला, तेव्हा या मूर्तींची भीती वा चीड वाटणाऱ्यांनी ते टवके उडवले. मागच्या भिंतीवरची झीज वेगळी आहे. अभ्यासक सांगतात की ती भक्तांच्या हातांनी झालेली आहे. माणसं इथे येत, देवीला हात लावत, दगड खरवडून चिमूटभर पूड बरोबर नेत.

एकाच देवळात एकाच देवीच्या चेहऱ्याचे दोन प्रकारचे घाव! एक द्वेषाचा, एक मायेचा. आणि मायेचा घाव मागच्या भिंतीवर का, याचं उत्तर मिळालं की इजिप्तचं देऊळ उलगडू लागतं.

त्यासाठी आधी पुढच्या दाराने आत जाऊ. एडफूचं होरस देवाचं देऊळ यासाठी सगळ्यांत चांगलं, कारण ते जवळजवळ अखंड उरलं आहे. टॉलेमी घराण्यातल्या तिसऱ्या टॉलेमीने इ.स.पू. २३७ मध्ये त्याचं काम सुरू केलं आणि ते संपलं इ.स.पू. ५७ मध्ये. म्हणजे १८० वर्षं! पायाचा दगड पाहिलेल्यांच्या कितीतरी पिढ्यांनंतरच्या लोकांनी कळस पाहिला, असं आपल्या भाषेत म्हणता येईल. नंतर ते वाळूत आणि गाळात इतकं गाडलं गेलं की त्याच्या छपरावर लोकांनी घरं बांधली. १८६० पासून फ्रेंच पुरातत्त्वज्ञ ऑग्युस्त मारिएतने ते मोकळं करायला घेतलं. वाळूने झाकलं, म्हणूनच ते वाचलं.

समोर ३६ मीटर उंचीचे दोन जुळे बुरूज उभे राहतात. त्यांच्यावर राजा शत्रूंचे केस मुठीत धरून त्यांना मारतो आहे. बुरुजांत उभ्या खाचा दिसतात, त्यांत निशाणांच्या उंच काठ्या उभ्या करत. दारातून आत गेलं की उन्हाने भरलेलं मोकळं अंगण. मग खांबांचा मंडप, तिथे ऊन अर्ध्यावर येतं. त्यापुढे दुसरा मंडप, आणखी अंधारा. मग नैवेद्याची खोली, मग गाभारा. चालताना एक गोष्ट पायांना जाणवते आणि एक डोळ्यांना. जमीन हळूहळू चढत जाते, छत हळूहळू खाली येत जातं. सृष्टीच्या आरंभी पाण्यातून मातीचा एक उंचवटा वर आला आणि तिथे पहिलं जीवन उगवलं, असं इजिप्तचे लोक मानत. गाभारा म्हणजे तो उंचवटा. खांब म्हणजे त्याच्याभोवतीच्या दलदलीतली पपायरसची आणि कमळाची दाटी. देऊळ म्हणजे रोज नव्याने सुरू होणारी सृष्टी.

एडफूच्या गाभाऱ्यात एकाच काळ्या दगडातून कोरलेला देव्हारा आजही आहे. तो देवळाहूनही जुना, दुसऱ्या नेक्टानेबो राजाच्या काळातला. जुनं देऊळ गेलं, देव्हारा मात्र नव्यात जपून आणला गेला. मूर्ती नाही. मी तिथे पोचले तेव्हा नुकतीच एक तुकडी बाहेर पडली होती आणि मिनिटभर त्या अंधारात मी एकटीच होते. बाहेर भर दुपार होती, याचा विसर पडला.

अशा देव्हाऱ्यापुढे रोज काय चाले, ते अबिडोसच्या पहिल्या सेती राजाच्या देवळात पाहायला मिळतं. तिथल्या गाभाऱ्यांच्या भिंतींवर नित्यपूजा कोरलेली आहे. पहाटे पुजारी दाराचं मातीचं सील तोडतो, कडी काढतो, देवाला जागं करतो. धूप फिरवतो, मूर्तीला सुगंधी तेल लावतो, स्वच्छ वस्त्र नेसवतो, नैवेद्य दाखवतो. शेवटी दार लावून, पुन्हा सील करून, स्वतःच्या पावलांचे ठसे झाडूने पुसत मागे मागे बाहेर येतो. नैवेद्य नंतर पुजाऱ्यांत वाटला जाई. चित्रांत पूजा करताना दिसतो तो राजाच, कारण पूजेचा अधिकार त्याचा. पण देवळं शेकडो आणि राजा एक. त्याच्या नावाने हे काम पुजारी करत. डोकं भादरलेले, तागाचं वस्त्र नेसलेले हे पुजारी गटागटाने, एकेका महिन्याच्या पाळीने सेवा करत आणि पाळी संपली की आपल्या घरी, शेतावर परतत.

मित्रहो, आता प्रश्न येतो तो हा. ज्यांच्या धान्यावर हे सगळं चाले, तो शेतकरी, ती पाणी वाहणारी बाई, तो होडीवाला, हे कुठे होते?

ते बाहेर होते. फार तर सणावाराला अंगणापर्यंत. आज तिकीट काढून आपण पाच मिनिटांत गाभाऱ्यात पोचतो. त्या काळच्या बहुतेक माणसांना सबंध आयुष्यात तिथे पाऊल टाकता आलं नाही. हे मनात ठेवून आत गेलं, तर प्रत्येक उंबऱ्यापाशी पाय थोडा थबकतो. तो थबकू द्यावा.

त्यांना देव भेटे तो वाटेवर. कर्नाकच्या अमुन देवाचा ओपेट नावाचा सण नाईलच्या पुराच्या दिवसांत येई. तिसऱ्या थुटमोस राजाच्या काळी तो ११ दिवसांचा होता, तिसऱ्या रामसेसच्या काळी २७ दिवसांचा झाला. लाकडी नावेतला देव पुजाऱ्यांच्या खांद्यांवरून लक्सरच्या देवळाकडे निघे. कर्नाक ते लक्सर हा सुमारे पावणेतीन किलोमीटरचा, दोन्ही बाजूंनी स्फिंक्सच्या रांगा असलेला मार्ग २०२१ पासून पुन्हा चालण्यासाठी खुला झाला आहे. मिरवणुकीतही मूर्ती पडद्याआडच असे. लोकांना दिसे ती नाव आणि तिची हालचाल. पण तेवढीही पुरे होती, कारण लोक देवाला कौल लावत. प्रश्न विचारायचा, नाव पुढे आली की होकार, मागे सरली की नकार. राजांच्या थडग्यांवर काम करणाऱ्या देर अल-मदिनाच्या कारागिरांनी खापरांवर लिहिलेले असे प्रश्न सापडले आहेत. चोरी कोणी केली, घर कोणाच्या वाट्याचं, असे.

आणि सण नसेल तेव्हा? तेव्हा मागची भिंत होती. कर्नाकच्या पूर्वेला, मुख्य गाभाऱ्याच्या पाठीला पाठ लावून, तिसऱ्या थुटमोसने एक लहान देऊळ बांधलं. तिथला अमुन म्हणजे ‘प्रार्थना ऐकणारा’ अमुन. दुसऱ्या रामसेसनेही त्याच बाजूला भर घातली. कोम ओम्बोला मगरमुखी सोबेक आणि ससाण्याच्या रूपातला होरस यांचं जोडदेऊळ आहे. तिथे मागच्या भिंतीवर दोन देवांच्या मधोमध चक्क कान कोरले आहेत. तिथल्या रखवालदाराला माझी भाषा येत नव्हती, मला त्याची. त्याने आपल्या कानामागे हाताचा पंजा धरला, भिंतीकडे बोट केलं आणि मान डोलावली. माझ्यासाठी ते पुरेसं होतं.

डेंडेराचा मुखवटाही गाभाऱ्याच्या बरोबर मागे, सरळ रेषेत आहे. आत देवी, तिच्या पाठीमागे बाहेर भक्त. मधे दगड. पुढून ज्यांना प्रवेश नव्हता, ते मागून देवाच्या सगळ्यांत जवळ पोचत होते.

आपल्या बाजूच्या लोकांचाही या देवळांशी एक धागा जुळतो. तांबड्या समुद्रावर बेरेनिके हे प्राचीन बंदर आहे. पहिल्या शतकात एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये इजिप्तहून भारताकडे येणाऱ्या वाटेचं वर्णन आहे, आणि त्यात सोपारा, कल्याण, पैठण, तेर ही आपली नावं आहेत. या बेरेनिकेतल्या इसिस देवीच्या देवळाच्या अंगणात २०२२ साली बुद्धाची संगमरवरी मूर्ती सापडली, ७१ सेंटीमीटर उंचीची. रोमन सम्राट फिलिपच्या काळातला एक संस्कृत शिलालेखही तिथे मिळाला. दूरच्या बंदरात उतरलेल्या कुणा प्रवाशाने परक्या देवीच्या अंगणात आपल्या श्रद्धेला जागा करून दिली, आणि त्या देवळाने ती करू दिली. इजिप्तच्या देवळांत आपण पहिले प्रवासी नाही.

ही पूजा थांबली कशी? हळूहळू. फिले बेटावरच्या इसिसच्या देवळात चित्रलिपीतला आपल्याला ठाऊक असलेला शेवटचा लेख आहे, २४ ऑगस्ट ३९४ या तारखेचा. साडेतीन हजार वर्षांची लिपी एका पुजाऱ्याच्या हाताने तिथे शेवटची उमटली. सहाव्या शतकात ते देऊळही बंद झालं. विसाव्या शतकात अस्वानच्या धरणांमुळे ते पाण्यात बुडू लागलं, तेव्हा १९७२ ते १९८० या काळात दगड न् दगड सुटा करून शेजारच्या उंच बेटावर ते पुन्हा उभं केलं. त्याआधी अबू सिम्बेलचे कडे कापून ६५ मीटर वर चढवले होते. ज्या धर्माचा एकही उपासक उरला नव्हता, त्याच्या देवळांसाठी सगळ्या जगाने एवढी धडपड केली.

लक्सरच्या देवळात तर उपासना आजही चालू आहे. दुसऱ्या रामसेसच्या अंगणाच्या कोपऱ्यात अबू हग्गाग या संताची मशीद उभी आहे. तिचं जुनं दार आजच्या जमिनीपासून कितीतरी वर, भिंतीत लटकल्यासारखं दिसतं, कारण मशीद बांधली तेव्हा जमीनच तेवढी उंच होती, खाली सगळं देऊळ गाडलेलं होतं. या संताच्या उरुसात आजही नावा मिरवतात. अमुनच्या नावेचीच ही आठवण, असं अनेकांना वाटतं.

तुमच्यापैकी जे जाल, त्यांना थोडं हक्काने सांगते. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. दिवसाला एकच मोठं देऊळ ठेवा. भिंतींना हात लावू नका, कारण आता आपल्यासारखे लाखो हात आहेत. कर्नाकला १३४ खांबांचा मंडप बघाच, मधले १२ खांब सुमारे २१ मीटर उंच आहेत. पण त्याआधी पहिल्या बुरुजाच्या आतल्या अंगाला वळा. तिथे कच्च्या विटांचा एक ढीग बुरुजाला टेकून पडला आहे. दगड वर चढवण्यासाठी रचलेला तो चढाव आहे. बुरुजाचं काम अपुरं राहिलं, म्हणून चढाव काढायचा राहिला. ज्यांना आत प्रवेश नव्हता, त्यांच्या खांद्यांचा पुरावा तो. आणि वाटाड्याला आधीच सांगून ठेवा, मला मागची भिंतही पाहायची आहे.

डेंडेराहून निघायच्या आधी मी त्या मुखवट्यासमोर पुन्हा उभी राहिले. हॅथोरला गाईचे कान असतात. डोळे गेले होते, नाक गेलं होतं, ओठ गेले होते. त्या झिजलेल्या दगडात मला सगळ्यांत स्पष्ट ओळखता आले ते कान.