भिंतीआडचा जोड

माझा भाचा दहावीनंतर सोलापूरच्या आयटीआयमध्ये प्लंबरच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमाला गेला, तेव्हा माझी थोरली बहीण नाराज झाली होती. मुलानं मामासारखं निदान बी.ए. तरी व्हावं, असं तिला वाटे. बी.ए. होऊन मामानं काय दिवे लावले, हे तिनं विचारात घेतलं नव्हतं!

आयटीआयमध्ये तो पाइप कापायला, डायनं आटे पाडायला शिकला. अर्धा इंची लोखंडी पाइपावर इंचाला १४ आटे, हे त्याला पाठ. पण खरं शिक्षण पुढे झालं. १९६१च्या कायद्यानुसार तो पुण्यातल्या एका बांधकामावर शिकाऊ उमेदवार म्हणून लागला. विद्यावेतन तुटपुंजं. पहिले दोन आठवडे भिंतींना नुसत्या खाचा पाडल्या. फोनवर म्हणाला, "मामू, मी प्लंबर होतोय की पाथरवट?"

त्याचे मिस्त्री चौथीत शाळा सुटलेले. टेफ्लॉनची पट्टी आट्यांच्या दिशेनंच गुंडाळायची, सीपीव्हीसी पाइपाला सोल्यूशन लावलं की पाव फेरा देऊन अर्धा मिनिट धरून ठेवायचं, नाहीतर तो मागे सरकतो, हे त्यांनी हात धरून शिकवलं. न्हाणीघराच्या जमिनीत जो 'नहाणी ट्रॅप' बसवतात, त्याच्या वाकात दोनेक इंच पाणी उभं राहतं, म्हणून गटाराचा वास घरात येत नाही. इंग्रजी पुस्तकांतही हा शब्द असाच आहे. आपली न्हाणी एवढ्या लांब पोचली, याचा मला कोण आनंद! भाच्याला मात्र ट्रॅप समपातळीत बसवायची चिंता.

भिंत बुजवण्याआधी पाइपांत हातपंपानं पाणी भरून दाब चढवतात आणि मापकाचा काटा पाहत बसतात. एकदा हे काम भाच्याकडे होतं. तासाभरात काटा किंचित उतरला. टाइल्सवाले खोळंबलेले. सुपरवायझर म्हणाला, "एवढंसं उतरणारच. सही कर आणि बुजवून टाका." सही केली असती तर कुणाला कळलं नसतं. पण हा अडून बसला, "आधी मिस्त्रींना बोलवा."

मिस्त्री एकेका जोडावरून कोरडं फडकं फिरवत गेले. गिझरच्या एल्बोपाशी ते ओलं झालं. तिथं सोल्यूशन लावायचंच राहिलं होतं. पाइप नुसता दाबून बसवलेला. असा जोड काही दिवस तग धरतो, मग कधीतरी सुटतो आणि खालच्या बिऱ्हाडाचं छत गळू लागतं. जोड कापून नवा घातला. टाइल्सवाल्यांचा दिवस गेला, भाच्यानं बोलणी खाल्ली. मिस्त्रींनी मात्र दाबाची वही कायमची त्याच्या हाती दिली.

आता भाच्याकडे प्रमाणपत्र आहे. मिस्त्रींकडे नाही. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत अनुभवी कारागिरांना परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय केली गेली. भाच्यानं त्यांच्यासाठी अर्ज आणला, भरलाही. मिस्त्रींनी विचारलं, "परीक्षेच्या दिवसाची रोजी कोण देणार?"

तो अर्ज अजून भाच्याच्या हत्यारांच्या पिशवीत आहे.