वेतोबाच्या हद्दीत

संमेलनाध्यक्ष महोदय, विद्यापीठांतून व चित्रसृष्टीतून आलेले अभ्यासक, आणि शिरोडे-आरवलीच्या माझ्या ग्रामस्थ बंधुभगिनींनो,

भूतपिशाचांचा लोककथांतील व प्रादेशिक चित्रपटांतील संचार हा ज्या परिषदेचा विषय, तिच्या स्वागताध्यक्षपदी काजूच्या बागा आणि पंचायतीची दप्तरे सांभाळण्यात जन्म घालवलेल्या गृहस्थाची योजना का झाली, हे मला उमगलेले नाही. परंतु स्थळाची निवड अचूक झाली आहे, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

आमचा श्री देव वेतोबा हा भूतगणांचा अधिपती. त्याची पूर्वीची मूर्ती फणसाच्या लाकडाची होती; आजची भव्य पंचधातूची मूर्ती 1996 साली प्रतिष्ठित झाली. देव रात्री गावाची गस्त घालतो आणि त्या पायपिटीत त्याच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा असल्यामुळे नवस फेडणारे केळ्यांच्या घडांबरोबर चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणाही त्याच्या चरणी ठेवतात. यास कोणी भोळेपणा म्हणो. मला मात्र ही पूर्वजांची नामी मुलकी व्यवस्था वाटते. ज्याचे भय वाटते त्याला हाकलून न लावता पहाऱ्याची सनद देऊन सीमेवर रुजू करून घ्यावे, म्हणजे देवचार, मुंजे, समंध इत्यादी किरकोळ मंडळी आपोआप ताळ्यावर राहतात. बौद्धांच्या ‘पेतवत्थु’मधील 51 कथांत प्रेतयोनीतले कित्येक जीव आप्तांनी केलेल्या दानाच्या पुण्याची वाट पाहत तिष्ठतात; ‘भार्गवीनिलयम्’ या 1964च्या मलयाळम चित्रपटात वैकम मुहम्मद बशीर यांची भार्गवी एका लेखकाच्या मागे लागते; सत्यजित राय यांच्या ‘गुपी गाइन बाघा बाइन’मधला भुतांचा राजा वर देऊन मोकळा होतो. नेमणुकीचे काम यांपैकी कोणालाच नाही! विद्वानांनी या मुद्द्याचा विचार करावा, एवढीच विनंती.

आता आमच्या शाळेविषयी दोन शब्द बोलण्याची मुभा असावी. ते दोनच राहतील अशी हमी मात्र नाही. वि. स. खांडेकर 1920 साली शिरोड्यात शिक्षक म्हणून आले आणि 1938पर्यंत येथेच राहिले. ट्युटोरियल इंग्लिश स्कूलच्या तुटपुंज्या साधनांत मुलांना घडवता घडवता त्यांनी कथा-कादंबऱ्या लिहिल्या, आणि 1930च्या मिठाच्या सत्याग्रहाने याच गावचे मिठागर गाजले तेव्हाही त्यांचे वास्तव्य येथेच होते. ज्ञानपीठाचा मान त्यांना पुढे 1974चा मिळाला. पण त्या लेखणीला धार आमच्या खाऱ्या वाऱ्यावर चढली, हे आम्ही पाहुण्यांना सांगितल्याशिवाय राहत नाही. मास्टर विनायकांच्या 1936च्या ‘छाया’ची कथा त्यांनी लिहिली ती याच काळात. तीत भूत नाही, ही अडचण मी जाणतो. आरवलीच्या जयवंत दळवींच्या ‘चक्र’वर हिंदी चित्रपट निघाला, त्यातही नाही. तरी चित्रपटाशी आमचे नाते जुने आहे, एवढे परिषदेने मान्य करावे.

व्यवस्थेतील उणिवांची यादी मोठी आहे. निवास वर्गखोल्यांत असल्याने बाके भिंतीशी लावून गाद्या घातल्या आहेत; मच्छरदाण्या सर्वांना पुरणार नाहीत; विजेचा भरवसा कोणीच देत नाही, म्हणून चित्रपटांच्या खेळांसाठी जनित्र आणवले आहे आणि त्याच्या आवाजात संवाद नीट ऐकू न आल्यास रसिकांनी क्षमा करावी. शाकाहारी पंक्ती निराळ्या आहेत, परंतु वाऱ्याला ती तजवीज ठाऊक नाही. काजूच्या कारखानदारांनी रोख वर्गणी दिली, बागाइतदारांनी नारळ-केळी पाठवली, रापणकरांनी ताजी मासळी कबूल केली आहे, मंडपवाल्यांनी मजुरी सोडली, आणि महिला मंडळाच्या भगिनींनी आठ दिवस सोलकढीपासून घावनांपर्यंत सारी सिद्धता केली. या सर्वांचा मी समितीच्या वतीने ऋणी आहे. ज्यांची नावे अनवधानाने राहिली, त्यांनी खजिनदारांकडे तक्रार नोंदवावी. पावतीपुस्तक त्यांच्याजवळच आहे.

सायंकाळी पाच वाजता वेतोबाच्या दर्शनासाठी गाड्या शाळेच्या फाटकापासून सुटतील. आता अध्यक्षमहाराजांनी सूत्रे स्वीकारावीत, अशी प्रार्थना करून मी आसनस्थ होतो.